पत्र्याची आगबोट आणि विज्ञानाचा वर्ग : एका प्रश्नाचा आढावा

विद्यार्थ्याने पत्रा कापून, नळ्या वाकवून, सांध्यांना डाख देऊन वाफेवर चालणारी वीतभर लांबीची बोट स्वतः तयार करावी आणि त्या खटपटीतून त्याला उष्णता, दाब, गती व यंत्ररचना यांचे ज्ञान व्हावे, की हेच ज्ञान शिक्षकाने फळ्यावर क्रमवार मांडून थोडक्या वेळात व अधिक नेमकेपणाने द्यावे, हा प्रश्न वरकरणी शाळेच्या वेळापत्रकापुरता वाटला, तरी हात आणि बुद्धी यांच्या परस्परसंबंधाचा जो वाद आपल्याकडील शिक्षणविचारात सुमारे नव्वद वर्षे चालू आहे, तोच त्याच्या मुळाशी आहे. प्रस्तुत आढाव्यात हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन शहरे नजरेसमोर ठेवून मांडला आहे. करून शिकण्याच्या प्रयोगांची चर्चा निघाली की होशंगाबाद, पाबळ आणि पुणे हीच गावे तोंडी येतात, हे खरे. परंतु ज्या वस्तीत अनेक घरांतील कर्त्या माणसाचा दिवस यंत्रापाशीच जातो, त्या वस्तीत हाताने काम करण्याच्या शैक्षणिक मूल्याविषयी बोलताना बोलणाऱ्याला अधिक जपून बोलावे लागते.

खेळण्याची घडण

जत्रेत पाण्याने भरलेल्या परातीत फटफट आवाज करीत गोल फिरणारी पत्र्याची बोट बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्या पोटात एक चपटी डबी असते, डबीच्या वरच्या अंगाला लवचिक पातळ पत्रा असतो, डबीतून निघालेल्या दोन बारीक नळ्या बोटीच्या मागील टोकाशी पाण्याखाली उघडतात, आणि डबीच्या खाली तेलाची वात किंवा मेणबत्तीचा तुकडा ठेवलेला असतो. दट्ट्या नाही, झडप नाही, चाक नाही. या रचनेचे ब्रिटिश एकस्व टॉमस पियो यांच्या नावावर १८९१ मध्ये नोंदविले गेले, आणि आवाज करणाऱ्या लवचिक पत्र्याच्या डबीची कल्पना अमेरिकेतील चार्ल्स मॅक्ह्यू यांनी १९१५ च्या सुमारास पुढे आणली.

डबीतील पाण्याची वाफ होताच ते मूळ आकारमानाच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते, म्हणून नळ्यांतील पाणी वेगाने बाहेर फेकले जाते. बाहेर पडणारे पाणी आपल्याच वेगाच्या ओढीने समतोलाच्या बिंदूपलीकडे जाते, वाफ नळीच्या थंड भागात येऊन निवते, आतील दाब बाहेरच्याहून कमी होतो आणि पाणी पुन्हा आत ओढले जाते. हे चक्र सेकंदाला अनेकदा घडते आणि प्रत्येक चक्रागणिक वरचा पत्रा आत-बाहेर लवून तो ओळखीचा आवाज करतो. नळ्या दोन असतात त्या मुख्यतः सोयीसाठी, कारण एकीतून पाणी भरताना दुसरीतून हवा निघून जाते. एका नळीवरही बोट चालते.

एवढ्याशा वस्तूत पाठ्यपुस्तकाची कितीतरी पाने एकत्र येतात. राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकातील गतीचे नियम आणि दहावीच्या पहिल्या भागातील उष्णतेच्या प्रकरणातला अप्रकट उष्मा, ज्याच्यामुळे एक ग्रॅम वाफ निवताना सुमारे ५४० कॅलरी बाहेर टाकते, हे दोन्ही येथे एकाच वातीवर काम करताना दिसतात. दुसऱ्या जातीची खेळण्यातील बोटही आहे, जिच्यात बंद बाष्पकावर दाब साठवून डुलत्या सिलिंडरचे खरे इंजिन फिरविले जाते. ती अधिक भारदस्त, अधिक महाग आणि अधिक धोक्याची असल्याने शाळेच्या चर्चेत सहसा पहिलीच गृहीत धरलेली असते. पहिलीचा खर्च मात्र नगण्य आहे. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा, दोन नळ्या आणि एम-सील एवढ्यावर काम भागते.

उल्हासच्या खोऱ्यातील वाफ

या प्रदेशाला नौका आणि वाफ ही दोन्ही परकी नाहीत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी याच उल्हास नदीच्या खाडीवर सुरू केली. मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पुढच्या वर्षी सुएझपर्यंत गेली. त्याच गोदीच्या वाडिया घराण्यातील अर्देशीर करसेटजी यांनी १८३३ मध्ये ‘इंडस’ हे छोटे जहाज बांधले व पुढे बाष्पयंत्रविद्येत असे प्रावीण्य मिळविले, की १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांचे शिक्षण विद्यापीठात झालेले नव्हते, ते गोदीत झाले होते, आणि म्हणूनच करून शिकण्याचे पुरस्कर्ते त्यांचे नाव घेऊ शकतात. अर्थात एका असामान्य पुरुषाच्या चरित्रावरून साठ मुलांच्या वर्गासाठी नियम काढावा की नाही, हा प्रश्न राहतोच.

बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ मध्ये धावली, १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले आणि १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूने खोपोलीपर्यंत गेले. परंतु या इतिहासाचा अभिमान बाळगताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९३० च्या सुमारासच झाले असल्यामुळे येथील आजच्या मुलांच्या आजोबांनीसुद्धा मुख्य मार्गावर वाफेचे इंजिन क्वचितच पाहिले असेल, आणि नेरळहून माथेरानला जाणारी १९०७ ची छोटी गाडी ही सहलीची वस्तू झाली. मग वाफेचे यंत्र शिकवून करायचे काय, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसने केव्हाच देऊन ठेवले आहे, कारण रेल्वेला लागणारी ती वीज कोळशाने पाणी उकळून, वाफेनेच तयार होत असे. तारापूरच्या अणुवीजकेंद्रातही, जे १९६९ मध्ये सुरू झाले, जनित्र फिरविण्याचे काम वाफच करते. अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील रासायनिक कारखान्यांना लागणारी वाफ आजही बॉयलरमधून येते आणि तो बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला सरकारी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. वाफ गेली नाही, ती रुळांवरून कुंपणाच्या आत गेली.

हस्तोद्योगापासून टिंकरिंग लॅबपर्यंत

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी उद्योगाच्या द्वारे सर्व विषय शिकविण्याची योजना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. ‘नई तालीम’ या नावाने ओळखली गेलेली ही योजना पुढे का मंदावली, याची मीमांसा हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे, की तिच्यातील उद्योग उत्पादक असावा अशी अपेक्षा होती, आणि बोटीसारखे निव्वळ खेळणे तिच्या काटेकोर व्याख्येत बसले नसते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य हा विषय सुचविला. आणि कार्यानुभवाचा तास पुष्कळ शाळांत कागदाची फुले व शुभेच्छापत्रे यांवर येऊन थांबला.

दुसरी परंपरा विज्ञानाच्या बाजूने आली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा उच्च प्राथमिक शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले स्थानिक वस्तूंनी प्रयोग करून निष्कर्ष काढीत. तो विस्तारला, तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये राज्यशासनाच्या हुकुमाने बंद झाला. पुण्याच्या टेल्कोतील तरुण अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तेथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व काडेपेटीतील काड्या जोडून भौमितिक आकृती करण्याची त्यांची युक्ती तेथेच जन्मली. (काड्यापेट्यांचा विमकोचा कारखाना ज्या अंबरनाथची जुनी ओळख आहे, तेथील वाचकाला ही माहिती सुखद वाटावी.) पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेमध्ये, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी तयार करून त्यांच्या कृती सर्वांसाठी खुल्या केल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तिसरी वाट पाबळची. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम स्थापन केला आणि तेथील मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज ही खरी कामे, तीही गावाला उपयोगी पडणारी व शक्य तेथे मोबदला घेऊन केलेली, शिकण्याचे साधन ठरविली. गुप्तांचे खेळणे आणि कलबागांचे काम यांत वरवर साम्य असले तरी भूमिकेत मोठे अंतर आहे. पहिल्याचे प्रयोजन कुतूहल जागे करणे हे आहे. दुसऱ्याच्या मते लोकांना खरोखर हवी असलेली वस्तू केल्यावाचून शिक्षणाला जबाबदारीचा काटेकोरपणा येत नाही. आगबोट या दोहोंच्या मध्ये पडते, कारण ती खेळणे असूनही तिचा सांधा गळका राहिला तर ती जागची हलत नाही.

२०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि तेथे त्रिमिती मुद्रक, संवेदक व रोबोटचे सुटे भाग येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तजवीज केली, ज्यांत त्यांनी स्थानिक कारागिरांबरोबर काम करावे अशी अपेक्षा आहे. कागदोपत्री तरी बोटीसाठी आज पूर्वी कधी नव्हती एवढी जागा आहे.

पक्ष आणि प्रतिपक्ष

घडविण्याच्या पक्षाची तात्त्विक मांडणी जॉन ड्युई यांच्यापासून निघून पियाजे यांच्या मार्गे सेमूर पेपर्ट यांच्या १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथापर्यंत येते. दुसऱ्याला दाखविता येईल अशी मूर्त वस्तू घडविताना मनातील कल्पना अधिक पक्क्या होतात, असे पेपर्ट यांचे प्रतिपादन. बोटीच्या संदर्भात हा पक्ष असे म्हणतो, की उत्तरपत्रिकेतील चूक मुलाला शिक्षकाने सांगावी लागते, तर बोटीतील चूक बोटच सांगते, आणि नळीत हवा राहिली की सांधा गळला की ज्योत अपुरी पडली हे एकेक शक्यता तपासून ठरविणे हीच अभियंत्याची खरी शिकवण होय.

प्रतिपक्षही तितकाच गंभीर आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर व रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे प्रतिपादिले, की नवशिक्याची कार्यकारी स्मृती फार तोकडी असल्याने, अल्प मार्गदर्शनाच्या पद्धतीत ती शोधाशोधीतच खर्च होते व शिकण्याला उरत नाही. त्यापूर्वी, २००४ मध्ये, डेव्हिड क्लार व मिलेना निगम यांनी तिसरी-चौथीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले, की एका वेळी एकच घटक बदलून तुलना करण्याची रीत थेट शिकविल्यास ती स्वतः शोधून काढण्यास सोडलेल्या मुलांपेक्षा बऱ्याच अधिक मुलांना येते, आणि एकदा ती आली की कोणत्या मार्गाने आली याने पुढे फरक पडत नाही. या पक्षाच्या दृष्टीने बोट बांधण्यातील बहुतेक वेळ कातर, कानस आणि चिकटद्रव्य यांत जातो, आणि तासाच्या शेवटी मुलाच्या लक्षात राहते ती बोटाला लागलेली कड, अप्रकट उष्मा नव्हे.

२००७ मध्ये सिंडी मेलो-सिल्व्हर व सहकाऱ्यांनी उत्तर दिले, की चांगल्या शोधप्रधान वर्गात मार्गदर्शन अल्प नसतेच, ते टप्प्याटप्प्याने भरपूर दिलेले असते. मनू कपूर यांनी २००८ पासून मांडलेल्या फलदायी अपयशाच्या संशोधनाने तर वादाची रेषाच हलविली. आधी प्रश्नाशी स्वतः झगडून फसलेल्या विद्यार्थ्याला त्यानंतर मिळालेले थेट स्पष्टीकरण अधिक खोल रुजते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. प्रस्तुत लेखकाला असे वाटते, की दोन्ही पक्ष बहुधा दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. अप्रकट उष्म्याची व्याख्या व गणित शिकविण्यास बोट हे आडवळणाचे साधन आहे, आणि तसे मान्य करण्यात तिचा काही कमीपणा नाही. परंतु नळीची लांबी, व्यास, ज्योतीचा आकार व डबीतील पाणी हे चार घटक एकमेकांत गुंतलेले असताना कोणता बदलावा व कोणता स्थिर ठेवावा, हे ठरविण्याचा जिवंत प्रसंग फळा देऊ शकत नाही. क्लार-निगम यांची रीत आधी शिकवावी आणि मग बोट पाण्यात सोडावी, असा क्रम कोणत्याच पक्षाच्या सिद्धांताशी विसंगत नाही.

शिक्षणशास्त्राच्या नियतकालिकांत न उमटणारा आणखी एक पक्ष आहे, तो पालकांचा. १९४९ मध्ये ज्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तेथे सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी घरोघर छोटे उद्योग उभारून, मुलाबाळांचे हात कामाला लावूनच संसार सावरले. अंबरनाथच्या दारूगोळा व यंत्रनिर्मितीच्या सरकारी कारखान्यांतून, आणि वसाहतीतील लेथ-शेडमधून, दोन-तीन पिढ्यांनी चरितार्थ चालविला. त्या घरातील पालक शाळेत पैसे भरतो तो मुलाच्या हातातील कानस सुटावी म्हणून. त्याला शाळेतच पुन्हा पत्रा-कातर दिसली तर त्याच्या मनात येणारी शंका केवळ अज्ञानजन्य म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण हाताचे काम कोणाच्या वाट्याला आले आणि पुस्तक कोणाच्या, याचा इतिहास आपल्या समाजात निरुपद्रवी नाही. उलट बाजूने असेही म्हटले जाते, की ज्या मुलाने घरी डाख देताना पाहिले आहे त्याला अशा तासाला वर्गात प्रथमच अधिकाराने बोलता येते. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात, आणि दुसरे म्हणणे मुलींच्या बाबतीत तितके लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

सुरक्षितता आणि कायदा

बाष्पकांवर सरकारी देखरेख ठेवणारा १९२३ चा कायदा लहान आकारमानाच्या भांड्यांना आपल्या अंमलाखाली घेत नव्हता, आणि त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदाही घेत नाही. त्यामुळे मुलाच्या बोटीला कोणाच्या मंजुरीची जरुरी नाही. दोन्ही नळ्या पाण्यात उघड्या असलेल्या फटफट बोटीत धोक्याचा दाब साठण्यास वावही नाही. परंतु हे अभय डुलत्या सिलिंडरच्या इंजिनाला नाही, कारण तेथे बाष्पक बंद असतो व सुरक्षा-झडप अडकली तर भांडे फुटू शकते. या दोन जातींतील भेद शाळेच्या मुख्याध्यापकाला सांगितला जात नाही तोवर ते दोन्हींना सारखीच मनाई करतील, आणि त्यांना दोषही देता येणार नाही. पहिल्या जातीतले खरे धोके तीन: पत्र्याची धार, उघडी ज्योत आणि डाखातील शिसे. बोट सोडण्यासाठी वालधुनी नदीचे प्रदूषित पाणी वापरू नये, हे स्थानिकांना निराळे सांगण्याची गरज नसावी.

काय अनिर्णित आहे

पहिली अनिर्णित गोष्ट भौतिकशास्त्रातीलच आहे. पाणी जेवढे बाहेर फेकले जाते तेवढेच आत घेतले जाते, तर बोट पुढेच का जाते? सर्वसाधारण उत्तर असे, की बाहेर जाणारे पाणी एका दिशेच्या झोताने जाते, आत येणारे सर्व बाजूंनी गोळा होऊन येते व आत आल्यावर आपला संवेग बोटीलाच देऊन थांबते, त्यामुळे आत येण्याचा परिणाम जवळजवळ शून्य होतो. १९५८ ते १९६३ या काळात ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये या खेळण्यावर गंभीर लेख आले. याचेच भावंड म्हणजे उलट्या फवाऱ्याचा प्रश्न, जो अर्न्स्ट माख यांनी १८८३ मध्ये मांडला व रिचर्ड फाइनमन यांच्यामुळे सर्वत्र गाजला. पाणी आत ओढणारा फवारा कोणत्या दिशेने फिरेल, याचा प्रायोगिक निकाल न्यूयॉर्क विद्यापीठातील लीफ रिस्ट्रॉफ व सहकाऱ्यांनी थेट २०२४ मध्ये दिला: तो उलट्या दिशेने फिरतो, पण सुमारे पन्नासपट मंद. ज्या प्रश्नाला एकशेचाळीस वर्षे लागली तो दहावीच्या मुलापुढे ठेवावा की नाही, याविषयी शिक्षकांत दुमत आहे. संवेग अक्षय्यतेचा नियम सांगून पुढे जावे, असे काहींचे मत. मुलांना आधी अंदाज लिहून द्यायला सांगावे आणि मग वर्गात वाद होऊ द्यावा, असे इतरांचे. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या मताकडे आहे.

दुसरी गोष्ट संक्रमणाची. बोटीतील दोष शोधण्यात पटाईत झालेला विद्यार्थी उद्या पंपातील किंवा प्रयोगवहीतील दोष तितक्याच पद्धतशीरपणे शोधील काय, याचे समाधानकारक उत्तर दीर्घकालीन अभ्यासावाचून मिळणार नाही, आणि आपल्याकडे असे उपक्रम बहुधा एखाद्या उत्साही शिक्षकाच्या बदलीबरोबर संपत असल्याने दीर्घ काळ पाहण्याजोगे काही उरत नाही. होशंगाबादच्या तीस वर्षांच्या दफ्तराचे मोल त्यामुळेच अधिक आहे.

तिसरी मूल्यमापनाची. दहावीच्या विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुण लेखी व वीस प्रात्यक्षिकाचे. बोटीला वाव मिळालाच तर तो या विसांत मिळेल, पण तेथेही गुण कशाला द्यावयाचे: चाललेल्या बोटीला, की न चाललेल्या बोटीच्या नीट लिहिलेल्या कारणमीमांसेला? पहिले मोजायला सोपे आहे, आणि ते मोजले जाऊ लागले की बोटी बाजारातून आणल्या जातील, जसे प्रदर्शनातील ज्वालामुखी आज आणले जातात. दुसरे मोजायला वेळ, आणि स्वतः कधीतरी बोट बांधलेला परीक्षक लागतो. असे परीक्षक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांत व कारखान्यांतून निवृत्त झालेल्या फिटर-टर्नरांत सापडतील. दप्तराविना दिवसांत त्यांना पाहुणे म्हणून बोलावण्यास धोरणाने मुभा दिली आहे. गुण देण्याचा अधिकार त्यांना द्यावा काय, याविषयी धोरण काहीच सांगत नाही.